साडेतीन फेऱ्या, आणि नंतरची वर्षं

फिगर स्केटिंग या नावातली 'फिगर' म्हणजे खेळाडूचा बांधा नव्हे. पुष्कळांना तसं वाटतं, आणि टीव्हीवर चमचमत्या पोशाखातल्या सडपातळ मुली गिरक्या घेताना दिसल्या की तो समज आणखी पक्का होतो. इथे फिगर म्हणजे आकृती. बुटाच्या पात्यानं बर्फावर कोरलेली आकृती, बहुतेक वेळा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं. गंमत अशी की ज्या प्रकारावरून खेळाचं नाव पडलं, तो प्रकार १९९० नंतर मोठ्या स्पर्धांतून हद्दपार झाला. नाव तेवढं मागे राहिलं.

जपानच्या मिदोरी इतोची कारकीर्द बरोबर या हद्दपारीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. तिच्याहून जास्त पदकं मिळवलेल्या स्केटर बऱ्याच आहेत. पण स्केटरचं आयुष्य कसं घडतं, इतक्या लवकर का संपतं आणि संपल्यावर त्या माणसाचं काय होतं, हे समजून घ्यायला मला तिच्याइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. कारण खेळाचा जवळजवळ प्रत्येक नियम तिला कधी ना कधी आडवा गेला. काही नियम बदलले, पण तिला फायदा व्हायच्या जरा उशिरा.

रेषा काढणारे आणि उड्या मारणारे

आधी पात्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्केटचं पातं सुरीसारखं नसतं. ते साधारण चार मिलिमीटर जाड असतं आणि खालच्या बाजूला त्याच्या लांबीभर एक उथळ खोबण असते. त्यामुळे एकाच पात्याला दोन कडा मिळतात, एक आतली आणि एक बाहेरची. स्केटर सरळ उभी दिसली तरी ती जवळजवळ कायम या दोहोंपैकी एका कडेवर झुकलेली असते, आणि झुकली की पातं आपोआप वळण घेतं. पुढे जाताना बाहेरची कड, मागे जाताना आतली कड, उजवा पाय, डावा पाय, अशा जोड्या लावत गेलं की या खेळाची सगळी बाराखडी तयार होते.

आकृत्यांची स्पर्धा म्हणजे या बाराखडीची परीक्षा. कोऱ्या बर्फावर एकेक स्केटर येई, एका पायावर तोल धरून ठरवून दिलेली आकृती काढी, मग त्याच रेषेवरून पुन्हा आणि पुन्हा फिरे. नवी रेषा जुनीशी जितकी मिळेल तितके गुण जास्त. ती बाजूला झाली की परीक्षक स्वतः बर्फावर उतरून, वाकून त्या रेषा न्याहाळत. संगीत नाही, उडी नाही, टाळ्या नाहीत. यासाठी स्केटर वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास बर्फाच्या एका पट्ट्यावर वर्तुळं गिरवत बसायच्या.

एके काळी एकूण गुणांपैकी ६० टक्के याचे होते, नंतर निम्मे. त्याचा परिणाम काय होतो हे १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये साऱ्या जगानं पाहिलं. ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शुबा आकृत्यांमध्ये इतकी पुढे गेली की संगीतावरच्या फेरीत सातवी येऊनही सुवर्णपदक तिचंच. ती फेरी जिंकणाऱ्या अमेरिकेच्या जॅनेट लिनला कांस्यावर समाधान मानावं लागलं. घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला हे कसं समजावणार? त्यानं आकृत्या पाहिलेल्याच नव्हत्या. पुढच्याच वर्षी 'शॉर्ट प्रोग्राम' नावाची, ठरावीक घटकांची छोटी फेरी आली आणि आकृत्यांचं वजन उतरायला लागलं. टप्प्याटप्प्यानं, सावकाश.

या सावकाशपणाची किंमत मिदोरीनं मोजली. तिचा जन्म १९६९ चा, नागोयाचा. मचिको यामादा या तिच्या प्रशिक्षक, आणि शाळकरी वयात ती त्यांच्याच घरी राहायला गेली. उंची जेमतेम १४५ सेंटिमीटर, पाय मात्र स्प्रिंगचे. उड्या तिला जन्मजात येत असाव्यात असं वाटावं इतक्या सहज येत. आकृत्यांशी मात्र तिचं कधी जमलं नाही. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये ती आकृत्यांत दहावी आली. मग फ्री स्केटमध्ये, म्हणजे शेवटच्या मोठ्या फेरीत, तिनं सात तिहेरी, म्हणजे हवेत तीन गिरक्यांच्या, उड्या मारल्या. बाई स्केटरकडून असं कुणी पाहिलंच नव्हतं. प्रेक्षक उभे राहिले. निकाल लागला तेव्हा ती पाचवी होती.

पुढच्या वर्षी पॅरिसला ती जगज्जेती झाली, एकेरीत जग जिंकणारी पहिली आशियाई. तांत्रिक गुणांमध्ये पाच परीक्षकांनी तिला पैकीच्या पैकी, म्हणजे ६.० दिले. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, १९९० मध्ये, हॅलिफॅक्सला पुन्हा तीच रड: आकृत्यांत दहावी, बाकी दोन्ही फेऱ्यांत पहिली, एकूण दुसरी. आकृत्या असलेली ती शेवटची जागतिक स्पर्धा. एक वर्ष आधी नियम बदलला असता तर दोन जगज्जेतेपदं झाली असती, असं म्हणायचा मोह होतो. पण नियम बदलला असता तर बाकीच्यांनीही वेगळीच तयारी केली असती, तेव्हा हा हिशेब फार ताणण्यात अर्थ नाही.

(आकृत्या पूर्ण मेल्या नाहीत, हेही जाता जाता सांगायला हवं. २०१५ पासून अमेरिकेत फक्त आकृत्यांची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली. त्यासाठी काळा बर्फ वापरतात, म्हणजे पांढऱ्या रेषा लांबूनही दिसतात. ही युक्ती १९७२ मध्ये कुणाला सुचली असती तर!)

ॲक्सेल म्हणजे नेमकं काय

फिगर स्केटिंगमध्ये उड्यांचे सहा मुख्य प्रकार आहेत. त्यांतल्या पाच उड्यांत स्केटर मागे सरकत असताना उडते आणि मागे सरकतच उतरते. ॲक्सेल ही एकटीच अशी आहे की तिच्यात तोंड पुढे करून उडायचं असतं. उतरायचं मात्र बाकीच्यांसारखंच, मागे सरकत. त्यामुळे साध्या ॲक्सेलमध्येही एक नाही, दीड फेरी होते. दुहेरीत अडीच, तिहेरीत साडेतीन. ऐकायला अर्धी फेरी किरकोळ वाटते. पण तिहेरी ॲक्सेल ही खरं तर तिहेरी आणि चौपट उडीच्या मधोमध उभी असते, आणि ती मारायची कुठल्या दिशेनं, तर जिथे पडायचं आहे ती जागा डोळ्यांसमोर दिसत असताना.

आता वेळेचा हिशेब बघा. पन्नास सेंटिमीटर उंच उडालात तर हवेत साधारण ०.६४ सेकंद मिळतात. साठ सेंटिमीटर उडालात तर ०.७०. म्हणजे दहा सेंटिमीटर जास्त उडण्यासाठी पायांनी जिवाचं रान करायचं, आणि पदरात काय पडतं, तर सेकंदाचे सहा शतांश. एवढ्यात साडेतीन फेऱ्या बसवायच्या तर सेकंदाला पाचाहून जास्त गिरक्यांचा वेग लागतो.

हा वेग हवेत तयार करता येत नाही. बर्फ सोडताना शरीरात जेवढी फिरकी भरून घेतली, तेवढीच हवेत शिल्लक असते. तिथे ढकलायला काहीच नसतं. मग करायचं काय, तर शरीर आवळून घ्यायचं. हात छातीशी, पाय एकमेकांवर घट्ट. शरीराचं वजन अक्षाच्या जितकं जवळ येईल तितकी तीच फिरकी जास्त वेगानं फिरते. आणि उतरण्याच्या क्षणी हात-पाय पसरायचे, म्हणजे वेग मंदावतो आणि सरकत निघून जाता येतं. एखादी स्केटर सुबकपणे हात पसरून उतरते तेव्हा ती सौंदर्यासाठी तसं करते असं आपल्याला वाटतं. ती खरं तर ब्रेक लावत असते.

यातून उडी मारण्याच्या दोन जाती निघतात. एक, उंच उडा आणि वेळ मिळवा. दोन, बेताचं उडा पण भोवऱ्यासारखं फिरा. मिदोरी पहिल्या जातीची. तिच्या जुन्या चित्रफिती बघताना पहिली गोष्ट जाणवते ती तिची उंची; एवढीशी मुलगी क्षणभर वर लटकून राहिल्यासारखी दिसते. १९८८ च्या अखेरीस तिनं स्पर्धेत तिहेरी ॲक्सेल मारली. जगात कुठल्याही स्त्रीनं मारलेली ती पहिली. पुरुषांमध्ये हे १९७८ साली कॅनडाच्या व्हर्न टेलरनं केलं होतं.

दुसऱ्या जातीच्या उडीला अरुंद, हलकं, खांद्या-कंबरेत न भरलेलं शरीर लागतं. म्हणजे साधारण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आल्बर्टव्हिल, १९९२

ऑलिंपिक आलं तेव्हा आकृत्या गेलेल्या होत्या आणि मिदोरी २२ वर्षांची, जिंकेलच असं धरून चाललेल्या देशाची आशा. त्याआधीच्या वर्षी म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत तिचं एकूणच बिनसलं होतं. सरावात दुसऱ्या स्केटरशी टक्कर झाली, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात कठड्याच्या इतकी जवळ गेली की उडी संपता संपता कॅमेऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेतून ती थेट रिंकच्या बाहेर पडली. दोन-तीन सेकंदांत परत आत येऊन तिनं पुढचा कार्यक्रम सुरू केला. ती चौथी आली होती.

आल्बर्टव्हिलच्या शॉर्ट प्रोग्राममध्ये तिनं सावधपणा केला. ॲक्सेल काढून त्याऐवजी तिला पाठ असलेली, तुलनेनं सोपी तिहेरी लुट्झ ही मागे सरकत मारायची उडी ठेवली, आणि नेमकी त्यावरच पडली. चौथा क्रमांक. तिनं देशवासीयांची माफी मागितली. हे वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. एका उडीसाठी बावीस वर्षांच्या मुलीनं देशाची माफी का मागावी? पण तिच्या खांद्यावर काय होतं ते त्यावरून कळतं.

फ्री स्केटच्या सुरुवातीला तिनं तिहेरी ॲक्सेल मारली आणि पडली. इथे बहुतेक स्केटर उरलेला कार्यक्रम जपून पार पाडतात. तिनं उत्तरार्धात, पाय थकलेले असताना, तीच उडी पुन्हा घातली. या वेळी उतरली. ऑलिंपिकमध्ये स्त्रीनं मारलेली ती पहिली तिहेरी ॲक्सेल होती, आणि दुसरी बघायला १८ वर्षं जावी लागली: २०१० मध्ये व्हँकूव्हरला, माओ आसादा. तीही नागोयाची, आणि लहानपणी यामादा यांच्याच हाताखाली शिकलेली.

सुवर्ण अमेरिकेच्या क्रिस्टी यामागुचीला गेलं, मिदोरीला रौप्य मिळालं. फिगर स्केटिंगमधलं जपानचं ते पहिलं ऑलिंपिक पदक.

तेव्हाच्या गुणपद्धतीत या उडीला स्वतःची अशी किंमत नव्हती. प्रत्येक परीक्षक ६.० पैकी दोन आकडे द्यायचा, एक तांत्रिक आणि एक कलात्मक. पण त्या आकड्यांची बेरीज करून निकाल लागत नसे. त्यांवरून त्या परीक्षकाच्या लेखी कोण पहिलं, कोण दुसरं एवढं ठरायचं, आणि जास्त परीक्षकांनी ज्याला वर ठेवलं तो वर. म्हणजे गुण हे मोजमाप नव्हतं, रांग लावायचं साधन होतं. आधी येणाऱ्यांना भरघोस गुण देऊन टाकले तर नंतरच्यांसाठी वर जागाच उरत नसे, म्हणून परीक्षक सुरुवातीला हात आखडता घ्यायचे.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत हे सगळं फुटलं. एका फ्रेंच परीक्षक बाईंनी दबावाखाली मत दिल्याचं बाहेर आलं, गदारोळ झाला आणि शेवटी कॅनडाच्या जोडीलाही रशियन जोडीच्या बरोबरीनं दुसरं सुवर्ण द्यावं लागलं. मग ६.० गेले. आता प्रत्येक उडीला छापील मूळ किंमत आहे. दुहेरी ॲक्सेलला ३.३, तिहेरी लुट्झला ५.९, तिहेरी ॲक्सेलला ८, चौपट लुट्झला ११.५ आणि चौपट ॲक्सेलला १२.५. ही शेवटची उडी आजवर स्पर्धेत एकाच माणसानं नीट उतरवलेली मला माहीत आहे, अमेरिकेच्या इलिया मॅलिनिननं, सप्टेंबर २०२२ मध्ये. मूळ किमतीत परीक्षक उणे पाच ते अधिक पाच अशी दर्जाची पायरी लावतात, आणि एक पायरी म्हणजे मूळ किमतीच्या दहा टक्के.

याची मजा अशी की आता पडण्यालाही भाव आहे. साडेतीन फेऱ्या पुऱ्या करून पडलात तर ८ मधून पाच पायऱ्यांचे ४ जातात, पडल्याचा आणखी १ जातो, तरी ३ गुण हातात राहतात. दुहेरी ॲक्सेल व्यवस्थित मारली तर मिळणार ३.३. म्हणजे अवघड उडी मारून आपटणं आणि सोपी उडी मारून उभं राहणं, दोन्ही जवळपास सारखंच. धोका पत्करणं फायद्याचं ठरतं. मग लोक धोका पत्करतात.

पंधराव्या वर्षीची शिखरं

आता त्या दुसऱ्या जातीच्या उडीकडे परत येऊ. उड्यांना छापील किंमत मिळाली, चौपट उडीची किंमत तिहेरीच्या जवळजवळ दुप्पट ठरली, आणि ती मारण्यासाठी वयात न आलेलं शरीर सोयीचं. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या १७ वर्षांच्या अलेक्सांद्रा त्रुसोवानं एका कार्यक्रमात पाच चौपट उड्या मारल्या आणि तरी ती दुसरी आली. त्याच संघातली कमिला वालिएवा १५ वर्षांची होती. बंदी असलेल्या हृदयाच्या औषधाचा अंश तिच्या नमुन्यात सापडला, आणि पुढे क्रीडा लवादानं तिला चार वर्षांची बंदी घातली. एवढ्या लहान मुलीच्या बाबतीत दोष नेमका कुणाचा, हा प्रश्न त्या निकालानं सुटलेला नाही, असं मला वाटतं.

त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघानं प्रौढ गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्यानं १७ वर नेलं.

शरीराचं काय होतं ते समजायला उतरण्याकडे बघावं लागतं. उतरायचं एका पायावर, मागे सरकत, आणि त्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपटीहून जास्त भार येतो. बूट इतका कडक असतो की घोटा नीट वाकत नाही, म्हणून हादरा गुडघा, खुबा आणि कमरेकडे सरकतो. आणि हे स्पर्धेत सातच वेळा असलं तरी सरावात रोज डझनांनी, तेही हाडं अजून वाढत असताना. १९९८ मध्ये १५ व्या वर्षी ऑलिंपिक जिंकलेल्या तारा लिपिन्स्कीला विशी गाठण्याआधी खुब्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. २०१४ मध्ये सोचीला सांघिक सुवर्ण मिळवणारी यूलिया लिपनीत्स्काया १९ व्या वर्षी निवृत्त झाली. ॲनोरेक्सियाशी, म्हणजे खाणंच तोडून टाकायला लावणाऱ्या आजाराशी, आपण झगडत होतो हे तिनं उघडपणे सांगितलं.

उलटी उदाहरणंही आहेत, आणि ती मला जास्त बोलकी वाटतात. रशियाचीच एलिझावेता तुक्तामिशेवा १८ व्या वर्षी तिहेरी ॲक्सेलसह जगज्जेती झाली आणि २४ व्या वर्षी, तीच उडी मारत, पुन्हा जागतिक रौप्यपदक घेऊन आली. मिदोरीसारखीच ती पायांच्या ताकदीवर उडणारी. अमेरिकेची अलिसा लिऊ तर १६ व्या वर्षी निवृत्त झाली, दोन वर्षं स्केटिंगपासून लांब राहिली, परत आली आणि २०२५ मध्ये बॉस्टनला जगज्जेती झाली.

पैसा कुठे होता

स्केटरची निवृत्ती फक्त गुडघे ठरवत नाहीत. बराच काळ ती नियमपुस्तक ठरवत असे. ऑलिंपिक हौशी खेळाडूंसाठी होतं. बर्फावरच्या शोचे पैसे घेतले की स्पर्धेचं दार बंद. त्यामुळे जिंकायचं आणि जिंकलेलं गरम असतानाच शोमध्ये जायचं, हा ठरलेला रस्ता. नॉर्वेच्या सोन्या हेनीनं तो घालून दिला. १९२४ मध्ये ११ वर्षांची असताना ती ऑलिंपिकला आली आणि शेवटची आली. मग तीन ऑलिंपिक सुवर्णं, सलग दहा जगज्जेतेपदं. १९३६ मध्ये सगळं सोडून हॉलिवूड, बर्फावरचे शो आणि अफाट पैसा. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं जमवलेल्या आधुनिक चित्रांचं संग्रहालय आजही ऑस्लोजवळ आहे. साप्पोरोत कांस्य मिळालेल्या जॅनेट लिननं १९७३ मध्ये एका आइस शोबरोबर तीन वर्षांचा करार केला, चौदा लाख डॉलरांहून मोठा. सोनं हुकलं तरी चालत होतं, लोकांना आवडलं पाहिजे.

सगळे त्या रस्त्यानं गेले असं नाही. टेनली ऑलब्राइटला लहानपणी पोलिओ झाला होता. १९५६ मध्ये तिनं ऑलिंपिक जिंकलं, नंतर हार्वर्डमध्ये वैद्यकशास्त्र शिकून ती शल्यचिकित्सक झाली. हवेत पहिल्यांदा दुहेरी ॲक्सेल आणि पहिली तिहेरी उडी मारून दाखवणारा डिक बटन वकिलीचं शिक्षण घेऊन अखेर टीव्हीवरचा समालोचक झाला, आणि अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या हा खेळ त्याच्या आवाजात बघायला शिकल्या. बहुतेक जण मात्र तिथेच राहतात, रिंकच्या कठड्याला टेकून, दुसऱ्याच्या मुलीकडे बघत. नव्या गुणपद्धतीनं यात एक नवं काम आणलं: उडीत फेऱ्या पुऱ्या झाल्या की नाही, कड बरोबर होती की नाही हे चित्रफीत मागे घेऊन ठरवणारे तांत्रिक तज्ज्ञ. हे काम बहुधा माजी स्केटरच करतात. डोळ्यांना नाही दिसलं तरी पायांना आठवतं.

मिदोरी आल्बर्टव्हिलनंतर व्यावसायिक झाली, जपानमधल्या आइस शोंमध्ये स्केटिंग करू लागली. आणि इथेही नियम तिच्या मागून आला. नव्वदीच्या दशकात महासंघानं व्यावसायिकांना परत यायची मुभा दिली. त्या खिडकीतून १९९४ मध्ये कटारिना विटसारखी जुनी मंडळी लिलेहामर ऑलिंपिकला आली. मिदोरी १९९५-९६ च्या हंगामात परतली, जपानची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि एडमंटनच्या जागतिक स्पर्धेत सातवी आली. तिचं वय तेव्हा २६. त्या वर्षी जगज्जेती झालेल्या मिशेल क्वानचं १५. दार उघडलं होतं, पण आत खोलीतलं सामान बदललेलं होतं. ती पुन्हा निवृत्त झाली.

ज्या ऑलिंपिकसाठी ती कदाचित परतली असती, ते तिच्याच देशात होतं. ७ फेब्रुवारी १९९८ ला नागानोत, जुन्या जपानी धाटणीच्या पोशाखात, तिनं ऑलिंपिकची ज्योत पेटवली. वीस वर्षांनी दक्षिण कोरियानं हाच मान आपल्या स्केटरला, किम यूनाला दिला. अशा क्षणी स्केटरच का निवडतात याचं उत्तर सोपं असावं: लाखो डोळे रोखलेले असताना चेहरा शांत ठेवायची सवय दुसऱ्या कुणाला इतकी असते?

आज जपानमध्ये माजी स्केटरला जगायला जागा आहे. दोनदा ऑलिंपिक जिंकलेल्या हान्यू युझुरूनं २०२२ मध्ये स्पर्धा सोडल्या आणि २०२३ च्या फेब्रुवारीत टोकियो डोममध्ये एकट्यानं शो केला. ३५ हजार प्रेक्षक आले. आसादाच्या नावाचं रिंक टोकियोच्या तचिकावात उभं आहे. पण मिदोरीनं निवडलेली जागा या सगळ्यापेक्षा खूप लहान आहे.

जर्मनीच्या दक्षिण टोकाला, आल्प्सच्या पायथ्याशी ऑबर्स्टडॉर्फ नावाचं गाव आहे. तिथे २००५ पासून महासंघाची प्रौढांची स्पर्धा भरते. चाळिशीत पहिल्यांदा बूट घातलेले हिशेबनीस आणि शिक्षिका तिथे येतात, साठी उलटलेले येतात, गट वयानुसार आणि तयारीनुसार पाडलेले असतात. कार्यक्रम लहान, उड्या बेताच्या. २०११ मध्ये, ४१ व्या वर्षी, मिदोरी इतो तिथे स्पर्धक म्हणून उतरली. नंतरही ती अनेकदा गेली.

या स्पर्धेलाही वयाची अट आहे, पण ती खालची. अठ्ठावीस पूर्ण लागतात. आल्बर्टव्हिलनंतर तिनं पहिल्यांदा बूट काढले तेव्हा ही स्पर्धा असती, तरी तिला आणखी सहा वर्षं थांबावं लागलं असतं.